तीस किलोंत मावेल एवढा सूड

३ एप्रिल

तिकिटं आली. सिजोनं मेलबर्नहून पाठवली. मी, माझी बायको थ्रेस्या, आणि आमचे व्याही वर्क्की नि त्यांची बायको रोसम्मा. चौघं एकाच विमानात. नातवाचा बाप्तिस्मा जूनच्या पहिल्या रविवारी. सामान माणशी तीस किलो, हातात सात.

थ्रेस्या म्हणाली, "बरं झालं, सोबत झाली." वर्क्कीची सोबत म्हणजे बुटात खडा. पण मग डोकं चालवलं. आजवर तो चंगनाशेरीत आणि मी पाला गावात. आता कोच्चीपासून मेलबर्नपर्यंत तो माझ्या हाताच्या अंतरावर असणार. बापाला त्याचा शत्रू असा तिकीट काढून आणून देणारा मुलगा सगळ्यांच्या नशिबी नसतो.

आजपासून रोजनिशी. सूड शिस्तीत घ्यायचा असतो.

४ एप्रिल

रागाचं कारण लिहून ठेवतो. ऐन वेळी मन मऊ पडायला नको.

सिजो-लिंटाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या अंगणात जेवणं चालली होती. शेजारी फादर. थ्रेस्याचं बीफ, खोबऱ्याचे काप घालून काळं होईपर्यंत परतलेलं. अख्खं पाला त्याच्यासाठी जीव टाकतं. वर्क्कीनं एक घास खाल्ला आणि मला म्हणाला, "पालाचं बीफ फर्मास असतं कोराच्चन, फक्त दात स्वतःचे हवेत."

सगळे हसले. फादर हसले. माझी कवळी तेव्हा नवीकोरी होती.

दुसरं. दोन वर्षांपूर्वी आम्ही सिजोकडे गेलो तेव्हा मेलबर्नच्या विमानतळावर आमचं बीफ काढून घेतलं. एक काळा कुत्रा आला आणि माझ्यापुढे बसला. मला वाटलं, प्रेमळ आहे. मी त्याला थोपटलं. आजूबाजूची माणसं का थांबली ते मला नंतर कळलं. तेव्हा नुसती ताकीद देऊन सोडलं, पण बीफ कचऱ्यात गेलं. आणि मागच्या वर्षी वर्क्की बाळंतपणाला जाऊन आला, त्यानं घरच्या ग्रुपवर मेलबर्नहून फोटो टाकला. ताटभर बीफ. खाली लिहिलं, "इथंही घरची चव." म्हणजे त्यानं पार केलं. माझं गेलं आणि त्याचं पार झालं.

तेव्हा सूड दोघांवर. वर्क्की आणि कुत्रा.

९ एप्रिल

खरा मुद्दा नावाचा आहे. तो लिहायचं टाळत होतो.

आमच्यात रीत सरळ आहे. पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव. बाप्तिस्म्याला डोक्यावर हात ठेवणाराही तोच. म्हणजे मी. म्हणजे पोरगं कुर्याकोस. घरात मला कोरा म्हणतात, पण चर्चच्या दप्तरात कुर्याकोस. वर्क्की दप्तरात जॉर्ज आहे. इथंच पाल चुकचुकते. मेलबर्नचा पोस्टमनसुद्धा जॉर्ज म्हणू शकतो. कुर्याकोस म्हणता म्हणता त्याची गाडी पुढच्या गल्लीत पोचेल. आणि लिंटा बापाची लाडकी.

सिजो मला, म्हणजे बापाला, चाच्चा म्हणतो. आज फोनवर म्हणाला, "चाच्चा, बाळाच्या नावाचं असं ठरलंय की..." मी लगेच सामानाचा विषय काढला. पेटीची लांबी किती चालते, दोरी चालते का. वाईट बातमी फोनवर ऐकायची नसते. आणि नाव मागून घेतलं तर मान कसला.

योजना: थ्रेस्याचं बीफ मेलबर्नला पोचवायचं. बाप्तिस्म्याच्या जेवणात वाढायचं. वर्क्कीचं विमानतळावर पकडून द्यायचं. मग बघतो जॉर्ज कोण म्हणतं.

२१ एप्रिल

पुठ्ठ्याची पेटी आणली, टीव्हीची. निळी नायलॉनची दोरी. मार्करनं चारी बाजूंनी "कोरा, पाला" लिहिलं. थ्रेस्या म्हणाली, "सगळं जग चाकांच्या बॅगा घेऊन जातं हो." माझे थोरले भाऊ कुवेतला पेटी घेऊन गेले, पेटी घेऊन आले. बॅगेला घराणं नसतं.

वजन घरीच करणार. दुकान बंद केलं तेव्हा रबराचा काटा घरी आणला, मागच्या पडवीत आहे. तीस वर्षं याच काट्यावर मी अख्ख्या पालाचं रबर विकत घेतलं. एकदाही माझं नुकसान झालं नाही. असा भरवशाचा काटा विमानतळावरसुद्धा नसेल.

थ्रेस्याला हे सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. हल्ली तिला कशाचंही हसू येतं.

२ मे

मेलबर्नचे नियम सिजोनं पाठवले. मांस नाही. ताजी पानं नाहीत. बिया नाहीत. विमानात कार्ड देतात, त्यावर खायचं काही असेल तर "हो" वर खूण करायची. सांगितलं तर बघतात, नको ते ठेवून घेतात, बाकीचं देतात. लपवलं तर दंड.

थ्रेस्या म्हणाली, "मग हो लिहा की. मसाला नेऊ, चिप्स नेऊ, फणसाचा हलवा नेऊ. बीफ काय तिथं मिळत नाही? गाई कमी आहेत का त्यांच्याकडे?"

तिच्या स्वयंपाकाबद्दल मला आदर आहे. राजकारण तिला कळत नाही. तिथल्या गाईचं बीफ वाढून कुणाचं नाक कापलं जात नाही.

१० मे

कुत्र्याचा अभ्यास सुरू. वास वासानंच मारायचा. बेकरीत बीफ हवा काढून पिशवीबंद करून आणलं. त्याभोवती कॉफीची पूड. त्याभोवती कुडमपुळी, म्हणजे आमची मासळीत घालायची काळी आंबट चिंच, तिच्या वासानं माणूससुद्धा चार पावलं मागे सरतो. त्याभोवती थ्रेस्याच्या दोन जुन्या साड्या.

चाचणीसाठी शेजारच्या पैलीचा कुत्रा बोलावला. टिप्पू. तो पेटीपुढे बसला. दुपारभर बसून होता. संध्याकाळी पैली येऊन त्याला उचलून घेऊन गेला.

निष्कर्ष: टिप्पू शिकलेला नाही. त्याचं मत धरायचं कारण नाही.

१७ मे, रविवार

आज पहिला वार.

आमच्याकडे कुणी परदेशी निघालं की गावाची पार्सलं सुरू होतात. प्रत्येकाचं पोर तिकडे नर्स नाहीतर ड्रायव्हर. नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याच्या मयताला चार माणसं कमी येतात. चर्चमधली मिसा संपून बाहेर पडतो तोच एलीकुट्टी लोणचं घेऊन पुढे. तिच्यामागे पैली, सुकवलेला टॅपिओका. मागे आणखी पाचसहा जण.

मी गोड हसलो. म्हणालो, "माझी पेटी भरली हो. पण व्याहीबुवांकडे रिकामी जागा आहे. सत्तावीसला दुपारी आमच्या घरी येताहेत, तेव्हा द्या. त्यांना आवडतं."

आता बसेल वर्क्की गावाचं लोणचं घेऊन. वजनानं मोडेल. नाही म्हणाला तर बदनाम होईल. दोन्हीकडून माझंच.

१९ मे

कोट घेतला. कोट्टायमहून. राखाडी, लोकरी. जूनमध्ये तिथं थंडी असते. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठीच शिवलाय." आतला खिसा खोल आहे. मनात एक विचार आला, तो आत्ता लिहीत नाही.

२५ मे

पेटी काट्यावर ठेवली. बरोबर तीस. काटा हललासुद्धा नाही. थ्रेस्यानं पेटी एका बाजूनं उचलून बघितली आणि म्हणाली, "ही तीसची नाही. मी मीठ-तांदूळ जोखूनच आयुष्य काढलंय." मी म्हणालो, "काटा बोलतो तेव्हा माणसानं गप्प बसावं." हे वाक्य मी दुकानात नेहमी म्हणायचो. शेतकरी गप्प बसायचे.

सिजोचा फोन. "चाच्चा, नावाचं ऐकून तर घ्या." मी म्हणालो, पेटीची दोरी सुटतेय, नंतर बोलू. दोरी सुटत नव्हती.

२७ मे, संध्याकाळ

वर्क्की आला. सहा फूट माणूस, दारातून वाकून येतो, हेसुद्धा मुद्दाम. सोबत रोसम्मा आणि चाकांच्या दोन बॅगा, अर्ध्या रिकाम्या. मी विचारलं तर म्हणाला, "आमचं काय, चार कपडे नि औषधं. माणसांसाठी जागा ठेवलीय."

चारला गाव आलं. एलीकुट्टी, पैली, सगळे. मी खिडकीतून बघत होतो. वर्क्कीनं एकेकाला बसवलं. प्रत्येकाला पोराचं नाव विचारलं, कुठे काम करतो, फोन करतो का. पैली तर रडला. गेल्या ख्रिसमसपासून त्याचा मुलगा बोलला नव्हता म्हणे. मला हे माहीत नव्हतं. मी त्याच्या शेजारी राहतो.

लोणच्याबरोबरचं एक पाकीट वर्क्कीनं बाजूला काढलं आणि म्हणाला, "एलीकुट्टी, यात सुकं बीफ आहे. हे तिथं घेणार नाहीत. मी त्यांना दाखवीन, ते टाकतील. तरी न्यायचं?" ती म्हणाली, "न्या. मी पाठवलं होतं एवढं तरी पोरीला कळेल."

जाताना गाव काय बोलत गेलं? "कोराच्चन, तुमचे व्याही देवमाणूस." वार फुकट गेला असं म्हणता येणार नाही. तयारी म्हणून ठीक.

२८ मे, कोच्चीचा नेडुम्बाश्शेरी विमानतळ



काउंटरवर पेटी ठेवली. पोरगी म्हणाली, "अंकल, पस्तीस." मी म्हणालो, तुमचा काटा खराब आहे. तिनं दुसऱ्या काट्यावर ठेवली. पस्तीस. मी तिसरा मागितला.

रांगेत मागे मुट्टत्त घराण्यातला औसेफ होता, मुलीकडे निघालेला. तीस वर्षं माझ्या दुकानात रबर घालायचा. तो मोठ्यानं म्हणाला, "कोराच्चन, हा काटा तुमच्या पडवीतला नव्हे." मागची रांग हसली. आमच्या विमानात अर्धं पाला आहे. औसेफ पुढे म्हणाला, "आज माझं तीस वर्षांचं वजन भरून आलं." आणि खरोखर त्याच्या चेहऱ्यावर माणूस जेवून उठल्यावर दिसतं तसं समाधान होतं. क्षुद्र माणूस. इतकी वर्षं मनात धरून ठेवतात लोक.

दोरी कापावी लागली. साड्या, कुडमपुळी, कॉफी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर. वर्क्की आला. पोरीला म्हणाला, "आमच्यात घाल बाळ, जागा आहे." आणि त्यानं स्वतःच्या हातांनी पिशवीबंद बीफ उचललं नि आपल्या बॅगेत ठेवलं.

मी थक्क झालो. बीफ वर्क्कीच्या बॅगेत. माझ्या हातून काही न घडता. देव माझ्या बाजूनं आहे याचा याहून मोठा पुरावा कोणता.

मात्र एक लहान पुडी, नमुन्याची, कोटाच्या आतल्या खिशात आहे. १९ तारखेचा विचार तो हाच.

२९ मे, सिंगापूर

विमान बदलायचं. वर्क्की कॉफी आणायला गेलाय. माझ्यासाठीही. साखर किती ते विचारूनसुद्धा गेला नाही, त्याला माहीत आहे. अशा लोकांची भीती वाटते.

पेच आहे. बीफ पोचलं तर जेवणात थ्रेस्याची वाहवा. पकडलं गेलं तर वर्क्की बदनाम. दोन्ही एकदम होत नाहीत. बराच विचार केला.

निर्णय: बदनामी. वाहवेसाठी खिशातली पुडी आहे. एकेका पाहुण्याला एकेक तुकडा येईल. चव कळायला तुकडा पुरतो.

२९ मे, विमानात

कार्ड आलं. मांस, मासे, फळं, बिया वगैरे काही आहे का? थ्रेस्यानं आपलं आपण भरलं, "हो" वर खूण केली, मसाला आणि हलवा लिहिला. माझ्याकडे बघत राहिली. मी "नाही" वर खूण केली. कोट वस्तूत मोडत नाही, कपड्यात मोडतो.

मग विमानाच्या संडासात जाऊन आरशापुढे इंग्रजी वाक्य पाठ केलं. "मॅडम, त्या पुढच्या उंच गृहस्थांच्या बॅगेत बीफ आहे." आवाज हळू, चेहरा जबाबदार नागरिकाचा. दहादा म्हटलं. बाहेर दार वाजवत होते.

२९ मे, मेलबर्न. सिजोच्या घरी

जे घडलं ते घडलं तसं लिहितो. यातलं काही माझी चूक नव्हे.

वर्क्की पुढे गेला. टेबलावर त्यानं बॅग स्वतःच उघडली. आमचं बीफ वर, एलीकुट्टीचं शेजारी, लोणची रांगेनं. मी मागच्या रांगेतल्या अधिकारीण बाईंना वाक्य म्हटलं. न अडखळता. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हो, त्यांनी कार्डावर सगळं लिहिलंय. फार नीट माणूस. थँक्यू. आणि तुमच्याकडे काय आहे?"

मी म्हणालो, काही नाही.

तेवढ्यात कुत्रा आला. काळा. तोच. दोन वर्षांनी त्यानं मला ओळखलं. माझ्यापुढे बसला, शेपूट हलवत, माझ्या कोटाकडे बघत. या वेळी मी त्याला थोपटलं नाही. एवढा सूड तरी पदरात पडला.

पुडी निघाली. कार्ड निघालं. बाईंच्या कम्प्युटरमध्ये मागची ताकीदसुद्धा निघाली. त्यांचं हसणं गेलं. थ्रेस्या एका बाजूला उभी राहून माळ ओढू लागली. तिला वाटलं आता परत पाठवणार. खरं सांगायचं तर मलाही वाटलं. बाहेर काचेपलीकडे सिजो उभा होता, कडेवर काहीतरी पांढऱ्या दुपट्यात. मला त्याच्यापर्यंत पोचता येणार नाही असं वाटलं. नाव राहू दे, तोंड तरी बघायचं होतं.

वर्क्की आपली उघडी बॅग तशीच टाकून आला. बाईंना म्हणाला, "हे माझे व्याही. यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. कार्ड मी भरलं. चूक माझी आहे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चष्मा माझ्या नाकावर होता.

त्यांनी मला विचारलं, "हे खरं आहे?"

इथे नीट लिहितो. हीच ती घडी होती. "हो" म्हणालो असतो तर वर्क्की अडकला असता. माझ्या जागी तो, दंड त्याला, नाव त्याचं खराब. लग्नाच्या अंगणापासून मी ज्याची वाट बघत होतो ते तो स्वतः हातात घेऊन आला होता. सूड इतका सोपा कधीच नसतो.

मी म्हणालो, "नाही. कार्ड मीच भरलं."

कसं तोंडून गेलं कळत नाही. इंग्रजी अचानक बोलावं लागलं की गोंधळ होतो.

दंड झाला. माफी लिहून दिली. सोडलं. बीफ सगळं गेलं, मोठं आणि लहान. बाहेर पडताना मी वर्क्कीला विचारलं, मागच्या वर्षी कसं पार केलंत? तो म्हणाला, "काय पार केलं?" मी म्हणालो, फोटोतलं बीफ. तो हसला. "अहो ते इथल्या कसायाचं. मसाला तेवढा रोसम्मानं आणला होता, लिहून, दाखवून. मांस कोण आणतं कोराच्चन?"

आणि मी कुडमपुळीचा अभ्यास करत बसलो.

३० मे

सकाळी लिंटानं बाळ माझ्या मांडीवर दिलं. म्हणाली, "घ्या, तुमचा कुर्याकोस."

मी म्हणालो, काय म्हणालीस.

ती म्हणाली, "सिजोनं किती वेळा फोनवर सांगायचा प्रयत्न केला. तुम्ही आपले पेटी, दोरी, वजन. नाव तर बाळ पोटात असतानाच ठरलं. मला दुसरं हवं होतं, खरं सांगते. पण पप्पा ऐकेनात. म्हणाले, पहिला नातू बापाच्या बापाचा. रीत म्हणजे रीत. कोराच्चनचं नाव चुकलं तर मी बाप्तिस्म्याला येणार नाही."

पप्पा म्हणजे वर्क्की.

दिवसभर डोकं दुखतंय. एखाद्या माणसाचा इतका छळ दुसऱ्या माणसानं करू नये. मी त्याचा सूड घ्यायला निघालो, आणि तो माझ्यासाठी भांडून बसलेला. आधीच. मला न सांगता. आता मी करू तरी काय?

यालाही उत्तर दिलंच पाहिजे. हा अपमान पहिल्या दोन अपमानांपेक्षा मोठा आहे.

५ जून

वर्क्की कसायाकडून मांस घेऊन आला. थ्रेस्यानं आपल्या मसाल्यात परतलं, जो लिहून आणला होता आणि अर्थातच पार झाला. वर्क्की खोबऱ्याचे काप करून देत होता. दोघं हसत होती. मी मधून मधून स्वयंपाकघरात जाऊन लक्ष ठेवलं.

पैलीचा मुलगा पार्सल न्यायला आला. वर्क्कीनं त्याला बसवलं आणि बापाला फोन लावून हातात दिला. मुलगा बाहेर बागेत जाऊन बराच वेळ बोलत होता. एलीकुट्टीच्या मुलीला वर्क्कीनं सांगितलं, आईनं बीफ पाठवलं होतं, विमानतळावर राहिलं. तिला ते मिळाल्यासारखाच आनंद झाला. मला या लोकांचं काही कळत नाही.

७ जून, रविवार

बाप्तिस्मा झाला.

मी पुढे उभा होतो, हात बाळाच्या डोक्यावर. फादर तरुण, इथलेच, पण आपले. रीतीप्रमाणे विचारलं, सैतानाला आणि त्याच्या सगळ्या कामांना नाकारतोस का? बाळाच्या वतीनं उत्तर मी द्यायचं. समोर वर्क्की उभा होता, डोळे पुसत. मी त्याच्याकडे बघत राहिलो. फादरांना पुन्हा विचारावं लागलं. थ्रेस्यानं कोपर मारलं. मी म्हणालो, नाकारतो. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही म्हणालो. तिसऱ्यांदा बाळाकडे बघत म्हणालो.

कुर्याकोस, असं फादर मोठ्यानं म्हणाले आणि पाणी घातलं. एकदाही अडखळले नाहीत.

जेवणात बीफ आलं. फादरांनी विचारलं, कुणाच्या हातचं? वर्क्की सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "आमच्या विहीणबाईंचं. पालाचं. याच्यापुढे चंगनाशेरी काही नाही. लग्नात मी कोराच्चनची थट्टा केली होती, ती आज परत घेतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोनदा घेतलं, तपासण्यापुरतं. मऊ होतं.

आता पाहुणे गेलेत. बाळ माझ्या डाव्या हातावर झोपलंय, उजव्या हातानं हे लिहितोय. वर्क्की समोर बसलाय. त्याला बाळ हवंय. दोनदा हात पुढे केले. मी दिलं नाही. दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं. उशिरा का होईना, सूड सुरू झाला. तो मागत राहील, मी देणार नाही. महिनाभर इथे आहोत.

थोड्या वेळानं

बाळानं कोटावर ओकलं. कॉलरपासून आतल्या खिशापर्यंत. मी ओरडलो, बाळ ओरडलं. वर्क्कीनं हात पुढे केले. दिलं.

त्याच्या खांद्यावर लगेच गप्प झालं.

थंडी फार आहे आणि माझ्याकडे दुसरा कोट नाही. वर्क्कीनं अंगातला काढून माझ्या खांद्यावर घातला. तोच घालून हे लिहितोय. बाह्या बोटांवर येतात, पेन नीट धरता येत नाही. मला मोठा होतो.